कन्कशनच्या खटल्यांनी अमेरिकन फुटबॉल बंद पडेल का?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने विचारलं आहे: मुलगा यंदा नववीत जातोय, शाळेचा कोच त्याला फुटबॉलच्या टीममध्ये घ्यायला उत्सुक आहे, पण कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला होणाऱ्या इजेच्या, खटल्यांबद्दल इतकं कानावर आलंय की हो म्हणायला धीर होत नाही. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगवर हजारो खेळाडूंनी दावे लावले, त्यांचं पुढे काय झालं? हा व्यावसायिक खेळ आणखी किती वर्षं टिकेल? आणि उद्या आमच्या मुलाला काही झालं तर कायदा आमच्या बाजूने उभा राहील का?

मी पेनसिल्व्हेनियात मेंदूच्या दुखापतींचे दावे चालवतो. निवृत्त फुटबॉलपटूंचे क्लेम भरणं, नाकारले गेलेले पुन्हा लढवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. उत्तर आधी देतो, कारणं मग.

कोर्टांमुळे एनएफएल बंद पडणार नाही. खटल्यांचा सगळ्यात मोठा धोका लीगने २०१३ मध्ये तडजोड करून टाळला. लीगला काय ठाऊक होतं आणि कधीपासून, या प्रश्नावर उलटतपासणी झालीच नाही. आता धोका जगजाहीर झाला आहे, त्यामुळे पुढच्या प्रत्येक खेळाडूला ‘माहीत असून खेळलास’ हे ऐकावं लागणार. म्हणजे या खटल्यांनी खेळाचा धोका फारसा कमी केला नाही, तो लीगच्या अंगावरून खेळाडूच्या अंगावर सरकवला. ही गोष्ट मला मनापासून खुपते आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

दावे क्लबांवर न लावता लीगवर का लावले, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत कामावर इजा झाली की वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा कायदा लागू होतो. मालकाची चूक सिद्ध न करता विम्यातून ठरावीक रक्कम मिळते, पण त्या बदल्यात मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावायची वाट सहसा बंद होते. खेळाडूचा मालक म्हणजे त्याचा क्लब. एनएफएल ही ३२ क्लबांची संघटना, ती मालक नव्हे. म्हणून वकिलांनी नेम लीगवर धरला. त्यांचं म्हणणं असं, की डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करायची जबाबदारी लीगने आपणहून अंगावर घेतली, ती बेफिकिरीने पार पाडली आणि धोका दिसत असूनही खेळाडूंपासून दडवला.

हा अभ्यास म्हणजे लीगने १९९४ मध्ये नेमलेली समिती. तिचे अध्यक्ष डॉ. इलियट पेलमन न्यूयॉर्क जेट्सचे डॉक्टर होते; त्यांची विद्या संधिवाताची, मेंदूची नव्हे. २००३ पासून या समितीने ‘न्यूरोसर्जरी’ या वैद्यकीय नियतकालिकात लेखांची मालिका छापली. डोक्याला मार बसलेला खेळाडू त्याच सामन्यात पुन्हा उतरला तरी फारसा धोका नाही, असा तिचा सूर होता. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की ज्या आकडेवारीवर ही मालिका उभी होती तिच्यात शंभराहून अधिक कन्कशन नोंदवलीच गेली नव्हती. वकिलाच्या हाती असा पुरावा आला की साक्षीदाराला तासन्‌तास उभं करता येतं. पण तोवर तडजोड होऊन गेली होती.

माइक वेबस्टरचं प्रकरण मी थोडं सविस्तर सांगतो, कारण कायद्याच्या दृष्टीने सगळं तिथे आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, १७ हंगाम खेळला, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. सेंटर म्हणजे प्रत्येक डावाला चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसावर डोकं पुढे करून आदळणारा. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, पैसा गेला, संसार मोडला, कधी कधी तो आपल्या ट्रकमध्ये झोपायचा. बॉब फिट्झसिमन्स या वकिलाने त्याच्यासाठी लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या संयुक्त पेन्शन मंडळाकडे अपंगत्वाचा अर्ज केला. १९९९ मध्ये मंडळाने तो मान्य केला. फुटबॉल खेळताना डोक्याला बसलेल्या मारामुळे हा माणूस पूर्ण आणि कायमचा अपंग झाला, हे मंडळाने कागदोपत्री मान्य केलं. वाद राहिला तो अपंगत्व कधी सुरू झालं याचा, कारण त्यावर रक्कम ठरत होती. तो वाद फोर्थ सर्किट अपील कोर्टापर्यंत गेला आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये वेबस्टरच्या वारसांच्या बाजूने लागला. तो मात्र २००२ च्या सप्टेंबरमध्ये, पन्नाशीतच, गेला होता.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. १९९९ मध्ये पेन्शन मंडळ म्हणतं, फुटबॉलमुळे मेंदू गेला. २००३ मध्ये लीगची समिती म्हणते, काळजीचं कारण नाही. पेन्शन मंडळात लीगचेही प्रतिनिधी बसतात. एका टेबलावर मान्य केलेलं दुसऱ्या टेबलावर कसं नाकारलं गेलं, हे मला भर कोर्टात ऐकायचं होतं.

वेबस्टरचं शवविच्छेदन पिट्सबर्गला डॉ. बेनेट ओमालू यांनी केलं. मूळचे नायजेरियाचे हे पॅथॉलॉजिस्ट फुटबॉलचे चाहते नव्हते आणि लीगचं त्यांना काही देणं लागत नव्हतं. मेंदू वरून धडधाकट दिसत होता, तरी त्यांनी तो जपून ठेवून त्याचे पातळ काप काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते दिसले. मुष्टियोद्ध्यांमध्ये पूर्वीपासून ठाऊक असलेला हा आजार, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई, एनएफएलच्या खेळाडूत पहिल्यांदा सापडला होता. २००५ मध्ये त्यांचा लेख त्याच ‘न्यूरोसर्जरी’मध्ये छापून आला. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी लेखी मागणी केली. नियतकालिकाने ती मानली नाही.

पुढची वर्षं वाईट होती. डेव्ह ड्यूरसनचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शिकागो बेअर्सचा सेफ्टी, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, नंतर पेन्शन मंडळात खेळाडूंचा प्रतिनिधी. म्हणजे निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वाच्या अर्जांवर मत देणाऱ्यांपैकी एक. २०११ च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या छातीत गोळी झाडली आणि माझा मेंदू तपासणीसाठी द्या अशी चिठ्ठी मागे ठेवली. तपासणीत सीटीई निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात अटलांटा फाल्कन्सचा जुना खेळाडू रे ईस्टरलिंग आणि इतर काहींनी दावा दाखल केला. २०१२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरलिंगनेही आयुष्य संपवलं, मे महिन्यात ज्युनियर साओ या एनएफएलच्या नामवंत माजी खेळाडूने. देशभरचे दावे तोवर फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यासमोर एकत्र आणले गेले होते. वादींचा आकडा साडेचार हजारांवर गेला.

लोक मला विचारतात, इतका पुरावा होता तर वकिलांनी तडजोड का केली? कारण लीगकडे एक हुकमी पान होतं. खेळाडूंची युनियन आणि लीग यांच्यात सामूहिक करार असतो. फेडरल कामगार कायद्याच्या कलम ३०१ नुसार एखाद्या वादाचा निकाल देताना त्या कराराचा अर्थ लावावा लागत असेल, तर तो वाद कोर्टात न चालता करारातल्या लवादाकडे जातो. मैदानावरची सुरक्षा, डॉक्टर, नियम हे सगळं करारात आहे, असं लीगचं म्हणणं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं असतं तर बहुसंख्य दावे एका आदेशाने बाद झाले असते. २०१३ च्या एप्रिलमध्ये यावर युक्तिवाद झाले; जुलैमध्ये निकाल देण्याऐवजी ब्रॉडी यांनी दोन्ही बाजूंना मध्यस्थाकडे पाठवलं. आणि त्यावर मात केली असती तरी पुढे प्रत्येकाला सिद्ध करावं लागलं असतं की आजार एनएफएलमधल्या मारामुळे झाला. शाळेतल्या, कॉलेजातल्या, दारूच्या किंवा वयाच्या परिणामामुळे नव्हे. एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजाराने खिळलेल्या माणसाकडे दहा वर्षं थांबायला वेळ नसतो. मी त्या वकिलांच्या जागी असतो तरी बहुधा सही केली असती. पण त्या सहीची किंमत काय होती हे लपवू नये: लीगची कागदपत्रं उघडली नाहीत, कुणाची साक्ष झाली नाही, आणि लीगने चूक कबूल केली नाही.

२९ ऑगस्ट २०१३ ला, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. ब्रॉडी यांनी २०१४ च्या जानेवारीत तिला मंजुरी नाकारली. एवढे पैसे सगळ्यांना पुरणार नाहीत अशी त्यांना शंका होती. ती शंका रास्त होती, आणि त्या न्यायाधीशांचे उपकार खेळाडूंनी विसरू नयेत. जूनमध्ये भरपाईच्या रकमेवरची कमाल मर्यादा काढली गेली. २२ एप्रिल २०१५ ला अंतिम मंजुरी, २०१६ मध्ये थर्ड सर्किट अपील कोर्टाचं शिक्कामोर्तब, डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला, आणि २०१७ पासून क्लेम सुरू झाले. आजवर १२० कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली आहे.

आता खरी मेख. पैसे ‘डोक्याला मार बसला’ म्हणून मिळत नाहीत, ठरावीक निदानासाठी मिळतात. एएलएसला जास्तीत जास्त ५० लाख डॉलर, पार्किन्सन्स आणि अल्झायमर्सला ३५ लाख, मध्यम स्मृतिभ्रंशाला ३० लाख, सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशाला १५ लाख. या कमाल रकमा पंचेचाळिशीच्या आत निदान झालं तर आणि किमान पाच हंगाम खेळले असाल तर. वय वाढलं की रक्कम घसरते. ऐंशीनंतर अल्झायमर्स निघाला तर ५० हजार. हंगाम कमी तरी कपात. समजा, ४४ व्या वर्षी सुरुवातीचा स्मृतिभ्रंश निदान झाला आणि माणूस तीन हंगाम खेळलाय. १५ लाखांतून ४० टक्के गेले, राहिले ९ लाख. निदानाआधी त्याला कधी स्ट्रोक आलेला असेल तर आणखी ७५ टक्के जातात, उरतात सव्वादोन लाख. मग वकिलाची फी. पाच हंगाम ही अट ऐकायला सोपी वाटते, पण एनएफएलमधली सरासरी कारकीर्द त्याहून बरीच छोटी असते. प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे रोज सरावात मार खाऊन सामन्यात न उतरणाऱ्यांत, काढलेलं वर्ष अर्धा हंगाम धरतात. एनएफएल युरोप या लीगच्या युरोपातल्या जुन्या शाखेत खेळलेला हंगामही अर्धाच.

आणि सीटीई? ज्या आजारापायी हे सगळं सुरू झालं त्याला भरपाई फक्त त्यांच्या वारसांना, जे २२ एप्रिल २०१५ च्या आधी गेले आणि ज्यांच्या मेंदूत तो मरणोत्तर सापडला. त्या तारखेनंतर गेलेल्यांना सीटीईसाठी काही नाही. युक्तिवाद असा की भरपाई आजाराच्या परिणामांना द्यायची, आणि मेंदू उघडून पाहिल्यास पैसे मिळतात असं ठेवलं तर मरणाला बक्षीस लागेल. दुसऱ्या भागात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण सीटीईचे बरेच परिणाम स्मृतीचे नसतातच. अचानक संताप, आवेग, खोल निराशा, आत्महत्या, यांना तक्त्यात रकाना नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य ‘तो विसरतो’ असं क्वचितच असतं. ‘त्याची भीती वाटते’ असं असतं. त्या वाक्याला या तडजोडीत मोल नाही.

निदानाची परीक्षा कशी होते ते जवळून सांगतो, कारण या सगळ्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग तिथे घडला. न्यूरोसायकॉलॉजिस्ट एका खोलीत दिवसभर चाचण्या घेतो. शब्दांच्या जोड्या वाचून दाखवतो. मग पहिला शब्द सांगतो, खेळाडूने दुसरा सांगायचा. अर्ध्या तासाने, मधे दुसरी कामं करवून घेऊन, पुन्हा तेच विचारतो. आकृत्या जुळवायच्या, आकडे उलटे म्हणायचे. मुद्दाम चुकतोय का हे पकडणाऱ्या चाचण्याही मधे पेरलेल्या असतात. मिळालेले गुण थेट मोजत नाहीत. त्या वयाच्या, तेवढ्या शिकलेल्या निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडून पाहतात. घसरण दोन किंवा अधिक क्षेत्रांत पुरेशी खोल असेल तरच क्लेम पुढे जातो. इथे सरासरी वंशानुसार वेगळी धरली जात होती. काळ्या माणसाची मूळ बुद्धी कमी असणार असं गृहीत धरून त्याच्यासाठी खालची पट्टी लावायची. म्हणजे एक गोरा आणि एक काळा, वय तेच, शिक्षण तेच, उत्तरं तीच. गोऱ्याची घसरण ठरते, काळ्याला सांगतात की तू पहिल्यापासून एवढाच होतास. निवृत्त खेळाडूंत निम्म्याहून अधिक काळे आहेत.

केव्हिन हेन्री आणि नाजे डॅव्हनपोर्ट या दोघांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये याविरुद्ध दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला, पण पक्षकारांना हा प्रश्न मध्यस्थाकडे सोडवायला सांगितलं. २०२१ च्या जूनमध्ये लीगने ही पट्टी बंद करू असं जाहीर केलं, २०२२ च्या मार्चमध्ये नव्या पद्धतीला मंजुरी मिळाली. जुने गुण नव्याने मोजले तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या सुमारे ६५० काळ्या खेळाडूंपैकी ६० च्या वर जण स्मृतिभ्रंशाच्या भरपाईला पात्र ठरले. त्यांची प्रकृती तीच होती, चाचणीतली उत्तरं तीच होती. फक्त पट्टी बदलली.

तरीही क्लेम सोपे झालेले नाहीत. २०२४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टने दाखवलं की तडजोडीतली स्मृतिभ्रंशाची व्याख्या अमेरिकेत डॉक्टर एरवी वापरतात त्याहून कडक आहे. मला ते रोज दिसतं. माणूस कामावर जातो, मुलांच्या टीमला चार गोष्टी शिकवतो, फेसबुकवर हसरा फोटो आहे, एवढ्यावरून क्लेमवर शंका घेतली जाते. त्यामागे बायको बिलं भरते, औषधं काढून ठेवते, रस्ता चुकला की फोनवर वळणं सांगते. ही मदत कागदावर आणणं हेच माझं अर्धं काम.

आता पुढचं. ही तडजोड ७ जुलै २०१४ च्या आधी निवृत्त झालेल्यांसाठीच आहे. त्यानंतरच्या खेळाडूचं काय? २००९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सुनावणीत खासदार लिंडा सांचेझ यांनी लीगची तुलना तंबाखू कंपन्यांशी केली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात लीगच्या प्रवक्त्याने कन्कशनचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात हे मान्य केलं, आणि २०१६ च्या मार्चमध्ये लीगचे अधिकारी जेफ मिलर यांनी काँग्रेससमोर फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे असं सांगितलं. या कबुलीचं तेव्हा कौतुक झालं. वकील म्हणून मला त्यात बचावही दिसला. ‘लपवलं’ हा आरोप त्या दिवसापासून संपला. २०१५ मध्ये ख्रिस बोर्लंड २४ व्या वर्षी, पहिल्याच हंगामानंतर, डोक्याच्या धास्तीने खेळ सोडून गेला. त्याला कळलं तर इतरांनाही कळत होतं, असंच उद्याचा बचाव म्हणेल. करारातलं कलम ३०१ चं पान तर लीगच्या हातात अजून आहेच, कारण या दाव्यांत त्यावर निकाल लागलाच नाही.

हे चित्र पालटू शकेल अशी एकच गोष्ट मला दिसते: जिवंत माणसात सीटीई खात्रीने ओळखणारी चाचणी. आज निदान मृत्यूनंतरच होतं. बोस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मकी यांच्या चमूने २०२३ पर्यंत तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई सापडला. हे मेंदू बहुतांशी त्रास दिसलेल्या कुटुंबांनी दान केलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हेच प्रमाण लावणं चूक आहे. कोर्टात तो आकडा तसाच फेकणारा वकील पहिल्याच उलटतपासणीत तोंडघशी पडेल. मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सीटीईचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येशी तितका नाही, जितका वर्षानुवर्षं बसलेल्या सगळ्या धक्क्यांच्या एकूण जोराशी आहे. म्हणजे ज्या धक्क्याने माणूस कोसळत नाही, उठून पुढच्या डावाला उभा राहतो, तोही जमेला धरावा लागतो. चाचणी आली आणि २६ वर्षांच्या खेळाडूला चालू कारकिर्दीत आजार दिसला, तर क्लबचा डॉक्टर त्याला मैदानात पाठवू शकेल का? विमा कंपनी त्या क्लबला विमा देईल का? तो खटला याआधीच्या कुठल्याही खटल्यासारखा नसेल.

विम्याचा प्रश्न तर आजच उभा आहे. २०१९ मध्ये ईएसपीएनने बातमी दिली की एनएफएलच्या सर्वसाधारण विम्यात डोक्याच्या इजेला आता संरक्षण नाही, आणि क्लबांना वर्कर्स कॉम्पेन्सेशन देणारी एकच कंपनी उरली आहे. लीग हे सोसू शकते. २०२३ पासूनचे तिचे प्रक्षेपणाचे करार ११ वर्षांचे आणि सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे आहेत. २०१७ पासून वाटलेली भरपाई त्यापुढे किरकोळ आहे. शाळा, कम्युनिटी कॉलेज आणि लहान मुलांच्या लीग हे सोसू शकत नाहीत. एनएफएलचा खेळाडू तिथूनच येतो. म्हणून या खेळाचं भवितव्य फिलाडेल्फियाच्या कोर्टात नाही, शाळा मंडळाच्या विम्याच्या नूतनीकरणात आहे असं मी म्हणतो.

खालच्या स्तरावरचे खटले मात्र वादींना फारसे लाभलेले नाहीत. कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले सात कोटी वैद्यकीय तपासणीसाठी, बाकीचे संशोधनासाठी. आजारी खेळाडूच्या हातात त्यातून भरपाई पडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजलिसच्या ज्यूरीने मॅथ्यू जी या माजी कॉलेज खेळाडूच्या मृत्यूला एनसीएए जबाबदार नाही असा निकाल दिला. त्याच्या मेंदूत सीटीई होता. बचावाने दारू आणि रक्तदाबाकडे बोट दाखवलं आणि ज्यूरीला ते पटलं. कार्यकारणभाव सिद्ध करणं किती अवघड आहे हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी तो खटला वाचावा.

खेळात बदल झाले नाहीत असं नाही. करारात जोरकस टकरीचे सराव कमी केले, डोकं खाली घालून आदळण्यावर दंड आला, किकऑफची, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याची, रचना २०२४ मध्ये बदलली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मायामीचा क्वार्टरबॅक तुआ टागोवाइलोआ सामन्यात डोकं आपटून उठताना लडखडला, तरी पुन्हा खेळला, आणि चारच दिवसांनी पुढच्या सामन्यात आपटून त्याची बोटं वाकडी होऊन ताठरली. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. दोन आठवड्यांच्या आत नियम बदलला: तोल गेलेला दिसला की खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही. हे बदल चांगले आहेत. पण त्याच लीगने २०२१ पासून १६ ऐवजी १७ सामने केले. एकूण धक्क्यांचा हिशेब खरा मानला तर वाढवलेला सामना हेल्मेटच्या सुधारणेत भरून निघत नाही.

लीगलाही पुढचं दिसतंय, हे फ्लॅग फुटबॉलवरून कळतं. यात टक्कर नाही. कमरेची पट्टी ओढली की डाव संपला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं, तिथे क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही लॉस एंजलिस २०२८ मध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे सगळं लक्ष क्रिकेटकडे होतं. एनएफएलने मात्र या निर्णयासाठी बरीच ताकद लावली होती. माझा अंदाज असा: पुढची वीस वर्षं एनएफएल आजच्याइतकीच श्रीमंत राहील, पण सुखवस्तू घरांतली मुलं फ्लॅगकडे वळतील आणि टकरीचा फुटबॉल अधिकाधिक अशा घरांतून येईल जिथे स्कॉलरशिप हीच वर यायची वाट आहे. मला या अंदाजाचं समाधान नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. टेक्सासमध्ये सरकारी शाळेवर निष्काळजीपणाचा दावा लावणं जवळपास अशक्य आहे; स्कूल डिस्ट्रिक्टला तिथल्या कायद्याने संरक्षण आहे आणि त्याचा अपवाद फक्त वाहनांच्या अपघातांपुरता. म्हणजे नंतर कोर्ट मदतीला येईल या भरवशावर हो म्हणू नका. पण २०११ पासून तिथे कन्कशनचा कायदा आहे, तो नीट वापरा. कन्कशनचा संशय आला की मुलाला ताबडतोब बाहेर काढावं लागतं, परत खेळायला डॉक्टरचं लेखी पत्र आणि तुमची सही लागते, आणि परतीची परवानगी कोचला देता येत नाही. हंगाम सुरू असताना जोरकस टकरीचा सराव आठवड्याला ९० मिनिटांपेक्षा जास्त घ्यायचा नाही, असा राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचा नियम आहे.

कोचला भेटा तेव्हा जिंकण्याहरण्याचं सोडून हे विचारा: सरावाच्या वेळी, फक्त सामन्याला नव्हे, मैदानावर परवानाधारक अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे इजा ओळखून प्रथमोपचार करणारा, असतो का? ९० मिनिटांची नोंद कोण ठेवतं, ती बघायला मिळेल का? गेल्या हंगामात किती मुलांना बाहेर काढलं? शून्य असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण समजू नका. बहुधा तिथे कुणी बघत नाही. हंगामाआधी, मार बसण्यापूर्वीच, मुलाच्या स्मृतीची आणि एकाग्रतेची मूळ (बेसलाइन) चाचणी खासगीत करून घ्या आणि तो अहवाल स्वतःजवळ ठेवा. मार बसला तर तारीख, वेळ, कुणी पाहिलं, काय लक्षणं होती हे त्याच रात्री लिहून काढा. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या माणसांकडे सगळं असतं, शाळेतला हा कागद नसतो. आणि माझं मत विचारत असाल तर चौदाव्या वर्षी त्याला फ्लॅग खेळू द्या. टकरीच्या टीममध्ये जायचंच असेल तर दोन वर्षांनी जाता येतं, तेवढी दोन वर्षांची टक्कर त्याच्या हिशेबातून वजा होईल.